पाखरांचं गणगोत शोधणारे सलीम अली

२०२० सालापासून आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. ५ नोव्हेंबर हा अरण्याविषयी लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अलींचा. त्यानिमित्त बाईंनी मला सलीम अलींचं चरित्र लिहायला सांगितलं. मी सातवीत शिकते. जमेल तसं लिहिलं आहे. माहिती गोळा करताना आपल्या रोजच्या बोलण्यातल्या एका शब्दाचा मला वेगळाच अर्थ सापडला. तो शब्द म्हणजे जात. त्याविषयी पुढे सांगणारच आहे.

बालपण

सलीम अली यांचे पूर्ण नाव सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली. त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी मुंबईत खेतवाडीच्या घरी सलीमचा आणि त्याच्या भावंडांचा सांभाळ केला.

आता तुम्हाला वाटेल, की हा मुलगा लहानपणापासून पाखरांना दाणे घालत असेल. तसं काही नव्हतं! त्याला शिकारीचा नाद होता. मामांनी त्याला छऱ्यांची छोटी बंदूक दिली होती आणि तो तिने चिमण्या टिपायचा. मोठ्या माणसांच्या चरित्रात अशा गोष्टी सहसा लिहीत नाहीत. पण सलीम अलींनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात ही गोष्ट स्वतःच सांगितली आहे, म्हणून मीही लिहिली.

पिवळ्या गळ्याची चिमणी

सलीम दहा-बारा वर्षांचा असतानाची गोष्ट. एक दिवस त्याने चिमणी पाडली. ती हातात घेऊन पाहिली, तर अंगाने नेहमीच्या चिमणीच्या मादीसारखीच, पण गळ्यावर पिवळा डाग. असली चिमणी त्याने कधी पाहिली नव्हती. त्याने मामांना विचारले. मामा चांगले शिकारी होते, पण त्यांनाही सांगता येईना. त्यांनी हो-ला-हो करून वेळ मारून नेली नाही. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि पोराला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. ही संस्था १८८३ साली स्थापन झाली आणि आजही काम करते आहे.

तिथे मिलार्ड नावाचे साहेब सचिव होते. सलीम आपला कागदात गुंडाळलेला पक्षी घेऊन भीत भीत आत गेला. मिलार्डसाहेबांनी पक्षी पाहिला आणि ही पिवळ्या गळ्याची रानचिमणी आहे असे लगेच सांगितले. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांनी गच्च भरलेल्या कपाटांचे खण त्यांनी या मुलासाठी उघडून दाखवले, वाचायला पुस्तकेही दिली. एका लहान मुलाच्या साध्या प्रश्नाला मोठ्या माणसाने नीट उत्तर दिले. माझ्या मते सलीम अलींचे खरे आयुष्य त्या दिवशी सुरू झाले. पालकहो, आमच्या प्रश्नांना असं उत्तर मिळालं, तर आम्हालाही आवडेल बरं का!

चिमणीचा पत्ता

आता मिलार्डसाहेबांना ते कसं कळलं? नुसता रंग पाहून नाही. प्राण्यांच्या ओळखीची एक पद्धत ठरलेली आहे. स्वीडन देशातल्या कार्ल लिनियस या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात प्रत्येक प्राण्याला आणि वनस्पतीला दोन शब्दांचे नाव द्यायची रीत पक्की केली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्या घरातली चिमणी म्हणजे पासर डोमेस्टिकस.

बाईंनी आम्हाला हे पत्त्यावरून समजावलं. पाकिटावर आपण घर, गाव, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, राज्य महाराष्ट्र, देश भारत असं लिहितो. तसाच चिमणीचाही पत्ता असतो. जाती म्हणजे घर, प्रजाती म्हणजे गाव, कुल म्हणजे तालुका, गण म्हणजे जिल्हा, वर्ग म्हणजे राज्य आणि प्राणिसृष्टी म्हणजे देश. वर्ग आणि सृष्टी यांच्यामध्ये संघ नावाची आणखी एक पायरी आहे, पण पाकिटावर ती मावत नाही. आपली घरचिमणी आणि सलीमची रानचिमणी यांचा तालुका एक, म्हणजे कुल एक, पण गावं वेगळी, म्हणजे प्रजाती वेगळ्या. त्या दोघी सख्ख्या बहिणी नाहीत, चुलत बहिणी आहेत असं समजा.

पण हा पत्ता माणसांनी उगीच बसवलेला नाही. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की जे प्राणी एकमेकांसारखे असतात, त्यांचे पूर्वज फार फार पूर्वी एक असतात. म्हणजे प्राण्यांचे गट पाडणे ही त्यांची वंशावळ शोधण्याची खटपट आहे. आपल्याकडे लग्नात आजोबा मंडळी बसून कोण कुणाचा कोण ते काढतात ना, तसंच.

नोकरीची वणवण

सलीम अली अभ्यासात फार हुशार नव्हते. आजारपणामुळे शाळाही मधे सुटली होती. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. पुढे घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यासाठी ते ब्रह्मदेशात गेले. तिथल्या रानात त्यांचे लक्ष धंद्यापेक्षा पाखरांकडेच जास्त! धंदा काही चालला नाही. १९१७ साली ते मुंबईला परतले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचे लग्न झाले.

त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले, पण विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. त्यामुळे सरकारच्या प्राणिसर्वेक्षण खात्यातली पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) ते पाहुण्यांना माहिती सांगण्याच्या नोकरीला लागले. दोन वर्षांत त्यांना वाटू लागले, की आपल्याला अजून शिकले पाहिजे. मग ते रजा काढून जर्मनीत बर्लिनला गेले आणि प्राध्यापक एर्विन स्ट्रेझमन यांच्या हाताखाली शिकले. पेंढा भरलेला पक्षी कसा तपासायचा ते तिथे शिकायला मिळालेच, शिवाय जिवंत पक्षी रानात कसा वागतो ते पाहणेही तितकेच महत्त्वाचे, हेही त्यांच्या मनावर ठसले.

१९३० साली ते मोठ्या उमेदीने परत आले, तो काय! पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. घरी बायको, हातात काम नाही. दुसरा कुणी असता तर पाखरांचा नाद सोडून देता. सलीम अली आणि तेहमिना मुंबईतून उठले आणि अलिबागजवळ समुद्रकाठी किहीमला राहायला गेले.

किहीमची सुगरण

किहीम तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते, आज त्या जिल्ह्याला रायगड म्हणतात. पावसाळा सुरू झाला आणि घराजवळच्या झाडावर सुगरणींनी घरटी विणायला घेतली. सलीम अलींनी महिनोन् महिने रोज त्यांच्याकडे टक लावून बसायचे आणि टिपण करायचे असा क्रम ठेवला.

सुगरण आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आपल्या तालुक्यात भातखाचरांच्या कडेला, विहिरीवर वाकलेल्या शिंदीच्या किंवा बाभळीच्या फांदीला तिची घरटी लोंबतात. माझे वडील यंत्रमागावर काम करतात. ते म्हणतात, आपल्या मागाला ताणा लागतो, बाणा लागतो, धोटा लागतो, वीज लागते. हा पक्षी नुसत्या चोचीने विणतो आणि भर पावसात घरटं खाली पडत नाही.

नाव सुगरण, पण घरटे विणतो तो नर! तो गवताची आणि भाताच्या पात्याची लांब पट्टी चोचीने सोलून आणतो. शेकडो खेपा करतो. आधी फांदीला पक्की गाठ, मग कडे, मग टोपीसारखे अर्धे घरटे. इथे तो थांबतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत बसून पाहतात. घरटे पसंत पडले, तर मादी तिथेच राहते आणि नर खालची लांब नळी विणून काम पुरे करतो. पसंत नाही पडले, तर अर्धवट घरटे तसेच लोंबत राहते. आपण झाडाखाली उभे राहून ही अर्धी का बरं सोडली असतील असं म्हणतो, त्याचं कारण हे. शिवाय एका मादीचा संसार लागला, की नर दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. ही सगळी रीत सलीम अलींनी नीट पाहून लिहून काढली. १९३१ साली तो लेख छापून आला आणि त्यांचे नाव झाले. ज्या वर्षी नोकरी गेली, त्याच वर्षाने त्यांना मोठे केले.

आणखी एक गंमत. पावसाळ्यात सुगरणीचा नर डोक्यावर, छातीवर पिवळाधमक होतो. पावसाळा सरला, की पिवळा रंग जातो आणि तो मादीसारखा, म्हणजे जवळजवळ चिमणीसारखा मातकट दिसतो. नुसत्या रंगावर गेलं तर एकाच पक्ष्याचे दोन पक्षी होतील! सलीम अलींच्या काळातल्या ग्रंथांत चिमणी आणि सुगरण एकाच कुलात घालत असत. पुढे जास्त तपास झाल्यावर त्यांची कुले वेगळी केली. म्हणजे शास्त्रातसुद्धा पुरावा मिळाला, की पत्ता बदलतात. कुणी रागावत नाही.

भारतात सुगरणीच्या चार जाती आहेत. आपली नेहमीची एक, छातीवर रेघा असलेली दुसरी, काळ्या छातीची तिसरी आणि फिनची सुगरण चौथी. ही चौथी फार दुर्मीळ. बरीच वर्षे ती कुणाला दिसली नव्हती. ती हिमालयाच्या पायथ्याशी कुमाऊंच्या तराईत सलीम अलींनी पुन्हा शोधून काढली.

जात म्हणजे काय

आता तो शब्द. चारही सुगरणी एकमेकींसारख्या, मग त्यांना चार जाती का म्हणायचं? बर्लिनच्या प्राध्यापक स्ट्रेझमन यांचे आणखी एक शिष्य होते, अर्न्स्ट मायर. त्यांनी १९४२ साली याचे उत्तर नीट मांडले. निसर्गात ज्यांची आपसांत जोडी जमते, ज्यांना पिल्ले होतात आणि त्या पिल्लांनाही पुढे पिल्ले होतात, त्यांची जात एक. रेघांच्या सुगरणीचा नर पाणथळीतल्या लव्हाळ्यात घरटं बांधतो, आपली सुगरण तिकडे ढुंकून बघत नाही. म्हणून जात वेगळी.

हे वाचल्यावर मी थोडा वेळ पेन खाली ठेवलं. शाळेत नाव घालताना रजिस्टरात आपली जात लिहितात. सवलतींसाठी तो रकाना लागतो, असं बाईंनी सांगितलं. पण शास्त्राच्या हिशेबाने पाहिलं तर आपल्या वर्गातल्या सगळ्यांची जात एकच निघते, होमो सेपियन्स. आपल्या भिवंडीत आगरी आहेत, कुणबी आहेत, वारली आहेत, कोकणी मुसलमान आहेत, मोमिन विणकर आहेत, यूपी-बिहारहून मागावर काम करायला आलेले आहेत, आंध्र-तेलंगणाहून आलेले पद्मशाली आहेत. बोली वेगळी, जेवण वेगळं, देव वेगळे. सुगरणींसारख्या चार जाती मात्र यांत कुठेच नाहीत. एकच आहे. सलीम अलींनी हे असं कुठे लिहिलंय का, ते मी शोधलेलं नाही. पण पाखरांच्या जाती इतक्या बारकाईने पाहणाऱ्या माणसाचं चरित्र वाचताना मला ते सुचलं, म्हणून लिहिलं.

नवी जात कशी तयार होते

मग वेगळ्या जाती होतात तरी कशा? समजा, एकाच जातीचे पक्षी मोठ्या रानात राहतात. हवा बदलली, मधलं रान सुकलं, आणि त्यांचे दोन भाग पडले. एक भाग इकडच्या डोंगरात, दुसरा तिकडच्या. आता त्यांची भेट नाही. प्रत्येक पिढीत पिल्लांमध्ये थोडा थोडा फरक असतोच. इकडे ज्या पिल्लांना इथली हवा आणि खाणे मानवते, ती जास्त जगतात. तिकडे तिकडची. असे हजारो, लाखो वर्षे चालले, की चोच बदलते, रंग बदलतो, गाणे बदलते. पुढे कधी ते दोघे भेटले, तरी एकमेकांना ओळखत नाहीत. जोडी जमत नाही. झाल्या दोन जाती!

सलीम अलींनी हैदराबाद, त्रावणकोर, म्हैसूर अशा संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी केली. त्यासाठी ते पगार मागत नसत. फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च घेत. तेहमिनाही बरोबर रानात तंबूत राहत. अशा पाहण्यांतून एक कोडे पुढे येते. राजधनेश हा मोठा पक्षी आपल्या सह्याद्रीत आहे, तसाच तो दूर हिमालयात आणि आसामकडे आहे, पण मधल्या कोरड्या मुलखात नाही. मग तो दोन्हीकडे कसा? एकेकाळी मधेही दमट रान असणार, सातपुड्याच्या रांगेतून वाट असणार, असे काही शास्त्रज्ञांनी मांडले. सलीम अलींनीही या प्रश्नावर विचार केला. राजधनेश अजून दोन्हीकडे एकाच जातीचा आहे. पण शीळ घालणारा निळा कस्तूर पाहा. सह्याद्रीतला वेगळ्या जातीचा, हिमालयातला वेगळ्या जातीचा, प्रजाती मात्र दोघांची एक.

दुःख आणि काम

१९३९ साली एका शस्त्रक्रियेनंतर तेहमिना वारल्या. सलीम अली एकटे पडले. मग ते बहीण आणि मेहुण्यांकडे राहू लागले. काम त्यांनी सोडले नाही. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांची ओळख करून देणारे पुस्तक निघाले. त्या पुस्तकामुळे साध्या माणसालाही अंगणातला पक्षी ओळखता येऊ लागला. पुढे अमेरिकेच्या डिलन रिप्ली यांच्याबरोबर त्यांनी भारत आणि शेजारच्या देशांतल्या सर्व पक्ष्यांचा ग्रंथ लिहिला. त्याचे १० खंड १९६८ ते १९७४ या काळात निघाले. पहिला खंड आला तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते! सरकारने त्यांना १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण दिले. १९८५ साली ते राज्यसभेवर नेमले गेले. २० जून १९८७ रोजी मुंबईत वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाचे दोन जीव

ज्या प्राण्यांना सलीम अलींचे नाव दिले आहे, त्यांतल्या दोघांची गोष्ट पिवळ्या गळ्याच्या चिमणीसारखीच आहे.

पहिले एक वटवाघूळ. १९४८ साली ते दक्षिणेतल्या डोंगरात मिळाले. साध्या फळखाऊ वटवाघळाची चिठ्ठी लावून ते त्याच सोसायटीच्या संग्रहात ठेवले गेले आणि २४ वर्षे तसेच पडून राहिले. १९७२ साली थायलंडचे शास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनी ते पुन्हा नीट तपासले. दात वेगळे, शेपूट नाही. जातच काय, प्रजातीही नवी निघाली!

दुसरा एक कस्तूर. हिमालयातल्या एका कस्तुराची सगळे एकच जात समजत होते. २००९ साली अरुणाचल प्रदेशात स्वीडनचे पेर आल्स्ट्रॉम आणि आपले शशांक दळवी यांनी कान देऊन ऐकले. उंच खडकांवरचा पक्षी खरखरीत गातो आणि खालच्या जंगलातला गोड गातो. दिसायला जवळजवळ सारखे. मग संग्रहालयांतले जुने पक्षी मोजले, पेशींतल्या डीएनएची तपासणी केली, तेव्हा कळले की या दोघांची ताटातूट लाखो वर्षांपूर्वी झाली आहे. २०१६ साली जंगलातल्या कस्तुराला सलीम अलींचे नाव देण्यात आले. रंग पाहून जे कळले नाही, ते गाणे ऐकून कळले.

आपण काय करायचं

सलीम अलींजवळ पदवी नव्हती, नोकरी टिकली नाही. एक वही होती, एक दुर्बीण होती आणि न कंटाळता पाहण्याची सवय होती. दुर्बीण आपल्याकडे नाही, पण वही आहे. या भित्तिपत्रकाच्या खाली मी दोऱ्याने एक कागद टांगला आहे. ज्याला कुठे सुगरणीची घरटी दिसतील, त्याने त्यावर जागा, झाड, घरट्यांची संख्या आणि तारीख लिहावी. अर्धी किती, पुरी किती, तेही लिहा. घरटं शोभेसाठी तोडून आणू नका, पावसाळ्यात आत पिल्लं असतात.

आणि पालकहो, एक विनंती. आपल्या तालुक्यात खाचरं भरून गोदामं उभी राहताहेत. तुमच्यापैकी काहींना तिथे काम मिळतं, हेही मला ठाऊक आहे. पण विहिरीवरची शिंदी तोडायची वेळ आली, तर एकदा मान वर करून पाहा. त्या विणकराचा माग तेवढाच आहे. गोदामाच्या पत्र्याला त्याला गाठ मारता येत नाही.

पक्ष्यांचं गणगोत शोधता शोधता माणसांचं गणगोतही मला दाखवणाऱ्या या पक्षिवेड्या माणसाला माझा नमस्कार.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी